कुंची फक्त पोरीला

आमच्या घरमालकिणीला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती माझ्या नवऱ्याला अंगणातून हाकलत होती. आम्ही साताऱ्याकडून नुकतेच आलो होतो. पिंपरीत औषधाचा नवा कारखाना सुरू झाला होता आणि त्यात ह्यांना नोकरी लागली होती. मी दोन्ही मुली आणि एक वळकटी घेऊन रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसले होते आणि हे खोली बघायला आत गेले होते. थोड्याच वेळात ते पडलेल्या चेहऱ्यानं बाहेर आले आणि त्यांच्यामागून तिचा आवाज आला.

"चूल कोन पेटवनार? तू? न्हाई ना? मंग जी पेटवनार तिला पुढं घाल. खोली तिला दाखवीन."

मी पुढे झाले. तिनं मला चूल दाखवली, मोरी दाखवली, पत्रा कुठं गळतो तेही आपणहून सांगितलं. ह्यांच्याकडे शेवटपर्यंत पाहिलं नाही. मग माझ्या मुलींना जवळ ओढून त्यांच्या डोक्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "दोनच? आनखी व्हतील." हा आशीर्वाद म्हणायचा की शाप, मला कळेना. ह्यांना मात्र तो काय आहे ते लगेच कळलं असावं, कारण चेहरा आणखी पडला.

उंच, हाडापेराची बाई. लुगडं पोटऱ्यांच्या वर खोचलेलं, दात मिश्रीनं काळे, चष्म्याची एक काडी तुटलेली आणि तिथं दोरा बांधून तो कानाला गुंडाळलेला. तिचं नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे. सगळ्यांची ती मालकीण. मालकही होते, पण ते म्हशीपाशी असत आणि म्हशीइतकंच बोलत. त्यांची शेती कारखान्यात गेली होती. त्या बदल्यात जे हाती आलं त्यातून तिनं पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ उठवली आणि आमच्यासारखी बाहेरगावची बिऱ्हाडं ठेवली.

कारखान्याचा भोंगा वाजला की ती हातातलं काम थांबवून त्याला उत्तर द्यायची. "वाजतोय मेला. माझ्या ज्वारीत उभा ऱ्हाऊन वाजतोय." सगळं गाव आता भोंग्यावर चालायला लागलं होतं. कुणी म्हणालं, "मालकीणबाई, दुपारच्या भोंग्याला येते," तर ही हमखास त्या वेळेला घरात नसायची. "मी त्याची नोकर हाय का?" असं विचारायची. तिच्या पाच लेकांपैकी तिघं तिथंच नोकरीला होते. त्यांच्यासाठी डबा भरायची आणि भरता भरता भोंग्याला शिव्या द्यायची.

तिचा खरा लौकिक मात्र कुंचीचा होता. तशी कुंची मी नंतर कुठं पाहिली नाही. बाहेरून खण, आतून वापरून वापरून मऊ झालेल्या लुगड्याचं अस्तर, काठाला साखळी टाक्याची वेल, मागं शेंड्याला रेशमी गोंडा. फाळणीनंतर सिंधी लोकांची वस्ती पिंपरीच्या कॅम्पात झाली होती. तिथली एक म्हातारी हिची मैत्रीण. हिला सिंधी येत नव्हतं, तिला मराठी येत नव्हतं. दोघी उन्हात शेजारी बसत. त्या म्हातारीकडून ही कापडावर आरसे बसवायला शिकली आणि तिला बदल्यात भाकरी थापायला शिकवली. म्हातारीची भाकरी शेवटपर्यंत गोल झाली नाही. हिचे आरसे मात्र असे बसायचे की बाळानं मान हलवली की भिंतीवर कवडसे नाचायचे.

पण ही कुंची फक्त पोरीला मिळे. मुलगा झाला की मालकीण बारशाला रिकाम्या हातानं यायची, पोटभर जेवायची आणि सुपारी चघळत घरी जायची. कुणी टोचून बोललं तर म्हणायची, "त्याला काय कमी हाय? त्याला द्यायला सारं गाव पळतंय. मी नसले तर काय त्याचं डोकं उघडं ऱ्हानार हाय?" स्वतःच्या नातवांनाही तिनं कुंची शिवली नाही. दोन सुना त्यापायी वर्षभर तिच्याशी तुटक बोलत होत्या.

एवढ्यावर थांबली असती तर लोकांनी हसून सोडून दिलं असतं. पण तिचा दुसरा नियम भलताच होता. आपल्याकडे पोटातल्या बाळाचं काही शिवत नाहीत. बाळ होईपर्यंत घरात झबलं दिसता कामा नये, आणि झाल्यावरही बारशापर्यंत त्याला जुनेऱ्यातच गुंडाळायचं, ही रीत. मालकीण मात्र कुणालाही सातवा महिना लागला की शिवायला बसायची. तेही आत कुठं नाही. अंगणाच्या मधोमध पालथ्या उखळावर, जिथं सगळ्या बिऱ्हाडांच्या बायका पाण्याला येत.

आता विचार करा. ही बाई शिवते ती पोरीसाठीच, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणजे तिनं तुमच्या नावानं खण बेतला की सगळ्या ओळीत एकच कुजबुज. पोटुशी बायका तिच्या नजरेला पडायला घाबरत. एकजण तर सातव्या महिन्यात पोट दिसू नये म्हणून ऐन उन्हाळ्यात शाल पांघरून पाण्याला यायची. मालकीण तिला म्हणाली, "झाक, झाक. हिरवा खण काढलाय तुझ्यासाठी."

लोक पाठीमागं तिला चेटकीण म्हणत. समोर कुणाची छाती नव्हती.

शेजारच्या खोलीत एका इलेक्ट्रिशियनचं बिऱ्हाड होतं, रत्नागिरीकडचं. त्याच्या बायकोसाठी मालकिणीनं जांभळी कुंची शिवली आणि तिला झाला मुलगा. त्या घरात आनंदाला पारावार नाही. इलेक्ट्रिशियनची आई नवं लुगडं घेऊन मालकिणीकडे गेली. म्हणाली, "आता शिवलीच आहे तर द्या हो आमच्या बाळाला. किती सुंदर झालीय." मालकिणीनं जांभळी कुंची घडी घालून ट्रंकेत टाकली आणि ट्रंकेवर बसली. लुगडं परत गेलं. त्या वेळी ट्रंक उघडी असताना मी आत डोकावले होते. आत कुंच्याच कुंच्या. म्हणजे तिचा अंदाज चुकलेली बाळं काही थोडीथोडकी नव्हती. पण ती कुणी मोजत नव्हतं. बरोबर आलेलं तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहायचं.

मग मला दिवस गेले.

पहिल्या दोन्ही वेळा मी माहेरी गेले होते. आता आई राहिली नव्हती, म्हणून सासूबाई गावाहून आल्या. त्यांनी आल्या दिवशीच मुद्द्याला हात घातला. मी पोळ्या लाटत होते, हे पाटावर बसलेले.

"औंदा पोरगा झाला तर ठीक," सासूबाई म्हणाल्या. "न्हाय झाला, तर माझ्या भनीची नात बघून ठिवलीया. दिसाया बरी हाय."

हे म्हणाले, "आई, कायदा आहे आता. पहिली असताना दुसरी करता येत नाही."

"कायदा हितं. आपल्या गावात कुठं आलाय कायदा?"

यावर ह्यांनी पोळी मागितली. मला वाटलं होतं, ते कायदा नसता तरी नाही म्हणतील. कारखान्यात ते म्हणे साहेबाशी बोलायला पुढे असत. आईपुढं मात्र त्यांची जीभ टाळ्याला चिकटे. माझ्या पोटात मूल होतं, बाहेर अंगणात दोन मुली खेळत होत्या, आणि मुलगी झाली तर त्या तिघींसकट मला परत कुणाच्या दारात पाठवतील याचा मी त्या रात्रीपासून विचार करायला लागले. माहेरी भाऊ होता, पण वहिनी मला एका सणापलीकडे ठेवणारी नव्हती.

सातवा लागला. सकाळी पाण्याला गेले तर मालकीण उखळावर बसलेली. मांडीवर लाल खण.

सासूबाईंनी ते पाहिलं आणि घागर तिथंच ठेवून तिच्यापुढं उभ्या राहिल्या. "कुनासाठी चाललंय?"

"तुमच्या नातीसाठी," मालकीण म्हणाली.

सासूबाईंनी त्या दिवशी काय केलं नाही ते विचारा. मीठमोहऱ्या झाल्या, उताऱ्याचं लिंबू झालं. दुपारी मालकीण म्हशीकडे गेलेली बघून त्यांनी उखळावरची दोऱ्याची गुंडी उचलली आणि आमच्या चुलीत घातली. रेशमाचा वास खोलीभर झाला. मालकिणीला तो आला नसेल हे शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला जाऊन बोहरी आळीतून नवा दोरा घेऊन आली, आणि तिसऱ्या दिवशी उखळ आपल्या अंगणातून लोळवत आणून आमच्या दारात ठेवलं.

"हितं ऊन बरं येतंय," असं म्हणून बसली.

सासूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. दोघींत हातभर अंतर. मालकीण सुई ओवायला बघत होती, पण त्या दोराबांधल्या चष्म्यातून जमेना. दोन-तीनदा थुंकी लावून दोरा पिळला, चुकला. मग तिनं वर न बघताच सुई आणि दोरा सासूबाईंपुढं धरला. "पाव्हणीबाई, तुमची नजर चांगली हाय. ओवा जरा."

आणि सासूबाईंनी ओवला. जन्मभर ज्या बाईनं दुसऱ्या बाईला सुई ओवून दिली ती हातात सुई आल्यावर दुसरं काय करणार? झटकन दोरा ओवला, टोकाला गाठ मारली, परत दिली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. तांदळाचं सूप मांडीवरून घसरलं.

मालकीण टाका घालत म्हणाली, "आता दोघींची झाली."

मी आत तोंडावर पदर धरून हसले. हसता हसता रडू आलं, कारण मलाही भीती वाटतच होती. मी सातवीपर्यंत शिकलेली, पण दारातून ये-जा करताना त्या लाल खणाकडे बघायचं टाळायची. एकदा तर मी मालकिणीला म्हणाले, "मालकीणबाई, तुमच्या पाया पडते, माझं नका हो शिवू. तुम्हाला माहीत नाही माझं काय चाललंय घरात." ती म्हणाली, "समदं ठाव हाय. पत्र्याच्या भिंती हायेत. म्हनून तर शिवते." आणि शिवत राहिली.

मुलगी झाली.

सुईणीनं सांगितलं तेव्हा सासूबाई दाराबाहेर होत्या. त्या आत आल्याच नाहीत. बारसं करायचं नाही, असं त्यांनी जाहीर केलं. मालकिणीनं ऐकलं आणि आपल्या लेकांना हुकूम सोडला. बाराव्या दिवशी तिच्या अंगणात पाळणा बांधला गेला, घुगऱ्या शिजल्या, ओळीतल्या सगळ्या बायका आल्या, कॅम्पातली सिंधी म्हातारी आली. सासूबाई न येऊन करतात काय? नातीच्या बारशाला आजी घरात कोंडून बसली, हे गावभर झालं असतं. आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. माझे यजमान गोठ्यापाशी मालकांशेजारी उभे होते.

मालकिणीनं लाल कुंची काढली आणि बाळाच्या डोक्यावर घालून नाडी बांधली. पुढे काठाला आरशांची एक ओळ होती. बायका "अगं बाई" म्हणेपर्यंत सासूबाई उठल्या.

"हिनं केलं हे," त्या म्हणाल्या. "ह्या बाईच्या सुईनं माझ्या लेकाचा वंश बुडवला. पोटात पोरगा व्हता. हिनं त्याची पोरगी केली."

सगळ्यांच्या मनातलंच त्या बोलल्या होत्या. मालकीण रडेल, शपथा घेईल, निदान भांडेल, असं मला वाटलं. तिनं बाळ माझ्या हातात दिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"व्हय," ती म्हणाली. "म्याच आनली पोरगी. तुमच्या सुनंचा त्यात काय बी दोष न्हाई. ती बिचारी पोरगाच आनीत व्हती, म्या मदी सुई घातली. मंग? आता काय करनार तुमी?"

"लेकाचं दुसरं लगीन लावनार."

"लावा की. कोन नगं म्हनतंय? नवी सून आली की मला सांगावा धाडा. न्हाई धाडला तरी कळंल मला. सातवा लागला की मी तुमच्या गावात यीन, तुमच्या दारात बसंन आनी तिला बी शिवीन. साताऱ्याची यष्टी पुन्यातनं सुटती, मला ठाव हाय. तिसरी आना, तिला बी शिवीन. माझ्याकडं दोरा लई हाय."

सासूबाई परत भिंतीला टेकल्या.

"आनी येक," मालकीण बायकांकडे वळून म्हणाली. "ही कुंची माझ्या एकटीची न्हाई. सुई ह्यांनीच ओवून दिली. इचारा, न्हाई म्हनत्यात का."

सगळ्या माना सासूबाईंकडे वळल्या. त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. तेवढ्यात सिंधी म्हातारी हसली. तिला यातलं काही कळलं होतं असं मला वाटत नाही. पण ती हसली आणि मग सगळं अंगण हसलं. मुलीचं नाव मी सुचवलेलं ठेवलं गेलं.

त्यानंतर भनीच्या नातीचं नाव आमच्या घरात निघालं नाही. निघणार कसं? सासूबाईंचा त्या सुईवर पुरता विश्वास होता. जोवर ही बाई जिवंत आहे आणि तिला यष्टीपर्यंत चालवतं आहे, तोवर दुसरी सून आणून काय उपयोग? त्यांनी मालकिणीला मरेपर्यंत शिव्या दिल्या. मला मुलीवरून परत एक शब्दही बोलल्या नाहीत.

हे त्या संध्याकाळी खोलीत आल्यावर म्हणाले, "दोरा पुरेल ना गं तिला?" आणि हसले. मी हसले नाही. ज्याच्या संसारासाठी परक्या बाईला भर अंगणात भांडावं लागतं, त्यानं हसू नये. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. आमच्या लग्नात मी त्यांना असं पहिल्यांदाच काही सुनावलं असेल. ते रागावले नाहीत. त्यांनी मुलीला उचलून घेतलं आणि बराच वेळ तिला घेऊन बसले.

बाळंतपणातून उठल्यावर मी मालकिणीला विचारलंच. ती म्हशीला आंबोण घालत होती.

"मालकीणबाई, खरंच तुमच्या शिवण्यानं मुलगी होते?"

"येडी हाईस का? शिकल्याली ना तू? माझी ट्रंक बघितली न्हाईस?"

"मग लोकांच्या शिव्या कशाला खाता?"

"कुनीतरी खायाच्याच हायेत," ती म्हणाली. "पोरगी झाली की शिव्या ठरल्याल्या. त्या ओल्या बाळंतिनीनं खाल्ल्या की तिचं दूध आटतंय. मला काय हुतंय? मी भाकरीसंगं खाते." मग घमेलं खाली ठेवून म्हणाली, "आनी पोरगी आल्यावर, आपली कुनीतरी वाट बघत व्हतं, असं तिला दिसाया नगं?"

मी तिच्या पाया पडायला वाकले. तिनं आंबोणानं बरबटलेला हात वर करून मला लांब राहायला सांगितलं.

पुढे दोनेक वर्षांनी आम्हाला कारखान्याच्या कॉलनीत क्वार्टर मिळालं. पक्कं छत, नळ घरात, विजेचा दिवा. सासूबाई सगळ्यांत जास्त खूश. मला पुन्हा दिवस गेले होते आणि मालकीण एवढ्या लांब येऊन शिवणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. "आता त्या बाईची सुई हितवर पोचत न्हाय," असं त्या नळाखाली हात धुताना म्हणाल्या.

सातवा लागला त्या दिवशी मी माझ्या पेटीतला एक पिवळा खण घेतला आणि चालत पिंपरी गावात गेले. मालकीण ओट्यावर बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. मी हाक मारली तेव्हा तिनं ओळखलं. मी खण तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "शिवा."

तिनं खण बोटांनी चाचपला. काठ कुठं आहे ते बघितलं. "मला दिसत न्हाई आता," ती म्हणाली. "तू शीव."

"मला तुमच्यासारखं येत नाही."

"मंग माझ्यासारखं नगं शिवू. पन भाईर बसून शीव. घरात बसून शिवलंस तर मला सांगू नगस."

ती माझ्याबरोबर आली. काठी टेकत, वाटेत दोनदा भोंग्याला शिवी घालत. माझ्या क्वार्टरच्या पायरीवर बसली. मी तिच्याशेजारी बसले आणि भर दुपारी, सगळी कॉलनी येता-जाता बघत असताना, पोटावर खण पसरून पहिला टाका घातला. सासूबाई दारात आल्या. आम्हा दोघींकडे बघून आत गेल्या. मालकीण टाक्यांवरून बोट फिरवायची आणि वाकडा लागला की "उसव" म्हणायची. मी तो खण किती वेळा उसवला देव जाणे. शेवटी कुंची झाली ती थोडी तिरकीच झाली. गोंडा तिनं स्वतः लावला, डोळे मिटून.

त्यानंतर कॉलनीत जिला जिला सातवा लागला तिच्यासाठी मी पायरीवर बसून शिवत आले. मलाही नावं ठेवली गेली. एक साहेबीण तर मला समजवायला आली होती. म्हणाली, तुम्ही चांगल्या घरातल्या, हे काय आरंभलंय? मी तिला बसायला पाट दिला आणि तिच्या सुनेला कितवा लागला, ते विचारलं. ती बसली नाही.

मालकीण गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्याबद्दल मी कुणाला सांगायला लागले की लोक आवडीनं ऐकतात, हसतात, सासूबाईंच्या सुईपाशी तर फारच हसतात. आणि सगळं ऐकून झालं की हमखास विचारतात, "मग चौथ्या वेळी काय झालं? मुलगा की मुलगी?" चांगली, शिकलेली, नोकऱ्या करणारी माणसं विचारतात. मी सांगत नाही. बाळ झालं, चांगलं धडधाकट झालं, मोठं झालं, एवढं सांगते. पुढचं, ज्या दिवशी कुणाला विचारावंसं वाटणार नाही, त्या दिवशी सांगेन.